सहावा डोस

अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडायचा नाही, ही तंबी यशवंतराव ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या आपल्या औषधाच्या दुकानात चाळीस वर्षं देत आले. बरं वाटलं म्हणून दोन गोळ्या वाचवणाऱ्याची ते भर दुकानात हजेरी घेत. पुढे त्यांनाच लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर, निघाला आणि सलाइनमधून चढणारं लालभडक औषध मातीतल्या जंतूपासून काढलेल्या अँटिबायोटिकच्या कुळातलं आहे असं कळलं, तेव्हा स्वारी चक्क खूश झाली. चला, घराणं तरी ओळखीचं!

केस गेले, तोंड आलं. पहिल्या दिवशी लघवी लाल झाली, तर तेही त्यांनी बायकोला, सुशीलाबाईंना, कौतुकाने सांगितलं. पाच डोसांत मानेवरच्या गाठी विरघळल्या. राहिला एकच, आणि नेमका तेव्हाच जिना चढताना दम लागू लागला, पाय सुजले. यशवंतरावांनी ब्र काढला नाही. सांगितलं तर कोर्स तुटणार! सहाव्या डोसला ते मोजे चढवून निघाले.

"भर मे महिन्यात मोजे काहून घालून राहिले?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"तिथं एसी असते."

दवाखान्यात डॉक्टर शर्मिष्ठांनी विचारलं, "काका, दम लागतो का?"

"बिलकुल नाही."

सुशीलाबाई खाली वाकल्या आणि त्यांनी सरळ मोजा ओढून काढला. सुजलेल्या पायावर इलॅस्टिकची खोल खाच पडली होती. "हे पाहा, दीदी. अन् झोपायले तीन उश्या लागतात यांले."

लगेच इको झाला. हृदयाचा जोर बराच कमी झाला होता.

"काका, हे जंतू मारायचं औषध नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हे पेशीच्या डीएनएत अडकून बसतं, एकीच्या दोन होऊ देत नाही. म्हणून गाठ जाते, केसही जातात. पण हृदयालाही इजा करतं. आयुष्यभरात किती घ्यायचं याला मर्यादा असते, आणि तुमच्या हृदयाने त्याआधीच हात टेकले. लाल औषध बंद."

"अन् कोर्स?"

"बाकीची औषधं देऊ. आधी हृदय सांभाळू."

यशवंतराव गोरेमोरे झाले. औषधावरून त्यांना आजवर कुणी झापलं नव्हतं. शेजारी पाहिलं, तर सुशीलाबाई मोजा हातात धरून रडत होत्या.

"मले तुमचा कोर्स नाही पाहिजे," त्या म्हणाल्या. "तुम्ही पाहिजे."

यशवंतरावांनी खुर्ची पुढे ओढली, घसा खाकरला.

"लिहून घ्या, डॉक्टर. छाती धडधडते. पायाले मुंग्या येतात. जेवण माती लागते, पण मी हिले छान झालं म्हणून सांगतो..."

कागदाची मागची बाजू भरली तरी ते थांबेनात.