तळाची झडप

"चाक कुठंय?"

कप्तान टाडे ब्रोडर्सन शिडीवरून इंजिनखोलीत उतरला तेव्हा तिथे गुडघ्याच्या वर पाणी होतं. समुद्राचं पाणी आत घेणारी तळाची झडप उघडी होती आणि ती बंद करायचं लोखंडी चाक जागेवर नव्हतं.

दुय्यम अधिकारी श्टोल्टे ताठ उभा होता. "समुद्रात फेकलं, साहेब. झडप उघडायची आणि चाक पाण्यात भिरकावायचं, म्हणजे शत्रूला ती परत बंद करता येत नाही. म्युर्विकच्या आरमारी शाळेत आपणच शिकवलंत."

ब्रोडर्सननं शिकवलं होतं खरं.

दुसरं महायुद्ध हरल्यात जमा होतं. पहाटे बिनतारी यंत्रावर सांकेतिक शब्द आला होता: बोटी बुडवा. थोड्या वेळानं दुसरा निरोप आला: बुडवू नका. हा दुसरा निरोप इंग्रजांनी दरडावून पाठवायला लावला असणार, असं सगळ्या तरुण अधिकाऱ्यांनी ठरवूनच टाकलं. बाहेर गेल्टिंगच्या उपसागरात पाणबुड्या एकामागून एक तळाला जात होत्या. त्यांचे खलाशी काठावर उभे राहून सलाम ठोकत होते. पंचेचाळीस सालच्या मे महिन्याचं कोवळं ऊन पडलं होतं.

"कप्तानसाहेब," इंजिनप्रमुख लुबर्स कोपऱ्यातून कुरकुरला. सुरुंग काढणाऱ्या या जुनाट बोटीचा धूर खाऊन त्याचा आवाज बसला होता. "बुडायचंच होतं, तर बॉयलर कशाला पेटवायला सांगितलात? कोळसा का माझ्या सासऱ्याचा आहे?"

"बुडायचं नाही. हेलाला जायचं."

श्टोल्टेची मान ताडकन वर झाली. हेला म्हणजे डान्झिगसमोरची वाळूची चिंचोळी पट्टी. तिन्ही बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला रशियन तोफा. बायका, पोरं, जखमी शिपाई तिथे वाळूत खड्डे करून बोटींची वाट पाहत होते. मागच्या फेरीला याच बोटीनं तिथून माणसं आणली होती आणि त्याहून कितीतरी जास्त धक्क्यावर सोडली होती. इंग्रजांशी युद्धविराम झाला होता, रशियनांशी अजून नाही. तो होईपर्यंत आणखी एक फेरी मारता येणार होती.

"साहेब, परत येऊ तेव्हा बंदरात इंग्रज असतील," श्टोल्टे म्हणाला. "बोट त्यांच्या हाती द्यावी लागेल. आणि ती देणार कोण? स्कापा फ्लोला स्वतःच्या हातानं बोट बुडवणारे ब्रोडर्सन!"

स्कापा फ्लो. पहिलं युद्ध हरल्यावर सगळं आरमार इंग्रजांच्या त्या उपसागरात अडकून पडलं होतं. एकोणीस सालच्या जूनमध्ये तेवीस वर्षांच्या ब्रोडर्सननं आपल्या टॉर्पेडो बोटीची झडप उघडली आणि चाक समुद्रात फेकलं. इंग्रजांच्या कैदेतून सुटून आला तेव्हा धक्क्यावर बँड वाजत होता. पुढच्या पंचवीस वर्षांत त्यानं सुरुंग पेरले, सुरुंग काढले, पोरांना दोरखंडाच्या गाठी शिकवल्या; पण कुठल्याही मेजवानीत ओळख करून दिली जायची ती त्या एका सकाळचीच. राज्यकर्ते बदलले, टोपीवरचं चिन्ह बदललं. नव्या धन्यानं युद्ध पुकारलं तेव्हाही त्यानं टाचा जुळवून सलाम केला होता. कोणासाठी आणि कशासाठी, हे त्यानं मोठ्यानं कधी विचारलं नव्हतं. हेलाच्या धक्क्यावर मागे राहिलेले चेहरे पाहिल्यापासून मात्र त्याला धड झोप लागली नव्हती.

"बाळ," तो म्हणाला. वर्गात अडलेल्या मुलाशी बोलावं तसा त्याचा आवाज होता. "स्कापाला बोट रिकामी होती. तिची कोणी वाट पाहत नव्हतं. एवढं एक तुम्हाला शिकवायचं राहून गेलं."

त्यानं कोट काढून शिडीला अडकवला. लुबर्सनं मोठा पाना पुढे केला. ब्रोडर्सन गुडघ्यांवर बसला, छातीपर्यंत गार पाण्यात गेला आणि चाचपडत झडपेचा उघडा दांडा शोधू लागला. पाना बसला, घसरला. पुन्हा बसवला. बोटं सोलली.

"वय काय, करताय काय!" लुबर्स त्याच्या शेजारी पाण्यात बसला. "सरका थोडे. तुमचे हात सलाम करून करून मऊ झालेत."

दोघांनी जोर लावला. दांडा जेमतेम पाव वळसा फिरला. पाणी चढतच होतं. बॉयलरच्या आगीपर्यंत पोचलं असतं तर सगळंच संपलं असतं.

"श्टोल्टे," कप्तान मागे न पाहता म्हणाला, "मला भित्रा म्हणायचं असेल तर खुशाल म्हण. पण इकडे येऊन म्हण."

मागून पाणी तुडवत येणाऱ्या बुटांचा आवाज आला आणि पान्यावर तरुण हातांची एक जोडी येऊन बसली. कण्हत, शिव्या देत तिघांनी ती झडप बंद केली.

"आता पंप सुरू करतो," लुबर्स धापा टाकत म्हणाला. "आणि हो, इथून पुढं शाळेत जरा बेतानं शिकवा."

ते हेलाला गेले. बोटीत उभं राहायलाही जागा उरली नाही, इतकी माणसं घेतली. धक्क्यावर तरीही माणसं उरलीच.

कीलच्या बंदरात इंग्रज अधिकारी फळीवरून वर आला. ब्रोडर्सननं आपल्या हातानं निशाण उतरवलं, घडी केली आणि त्याच्या स्वाधीन केलं. बँड नव्हता. सलाम करायलाही कोणी थांबलं नाही. जो तो आपली पोरं आणि बोचकी सांभाळत उतरत होता. श्टोल्टे एका पाय तुटलेल्या शिपायाला पाठुंगळी घेऊन कधीच पुढे गेला होता.

ब्रोडर्सन फळीच्या टोकाशी बाजूला उभा राहिला. त्याचा कोट हेलाहून आणलेल्या कोणाच्या तरी तान्ह्या पोराभोवती गुंडाळून गेला होता आणि अंगात नुसता काजळी माखलेला सदरा उरला होता.

"अहो, बघत काय उभे राहिलात?" पूर्व प्रशियाकडच्या बोलीत एक म्हातारी खेकसली. तिच्या दोन्ही हातांत गादीचं भलंमोठं बोचकं होतं. "हमाल ना तुम्ही? धरा की हे!"

"धरतो, आजी," ब्रोडर्सन म्हणाला. त्यानं बोचकं खांद्यावर घेतलं आणि तिच्या चालीनं, हळूहळू, तो फळी उतरू लागला.