बुरशीची बरणी

मी एक जुनी बरणी आहे, चिनी मातीची, वर तपकिरी आणि खाली पांढरी. माझ्या काठाचा टवका उडालाय, पण म्हणून मला कमी लेखू नका, मित्रांनो. अंधेरीत लोणच्याच्या बरण्या घरोघरी आहेत. बुरशी पोसून नाव कमावलेली बरणी मात्र मी एकटीच.

भट्टीत भाजून मी पक्की झाले. बाजारात उत्तराबाईंच्या आईने टिचकी मारून माझा आवाज ऐकला, मगच मला घरी आणलं. पुढे कितीतरी वर्षं मी कैरीचं लोणचं सांभाळलं. त्याला कधी बुरशी लागू दिली नाही, याचा मला केवढा तोरा होता. आणि १९५५ साली काय झालं, तर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या उत्तराबाईंनी मला धुऊन, वाफवून, माझ्यात शिजवलेली ज्वारी भरली आणि तिच्यावर मुद्दाम बुरशी सोडली. माझा संताप झाला.

कारण होतं मरोळच्या जानकीची वाडी. विहिरीकाठच्या त्या तुकड्यात जानकी वांगी लावायची. दोन हंगाम झाडं पिवळी पडून खुरटत होती. जागेच्या मालकाने बजावलं होतं, यंदाही वांगी आली नाहीत तर इथे गोदाम बांधणार.

"नजर लागली म्हणून मिरच्या ओवाळल्या, बाई," जानकी म्हणाली.

उत्तराबाईंनी एक झाड उपटून दाखवलं. मुळांवर गाठीच गाठी. "नजर नाही गं. मातीत सूतकृमी आहेत, डोळ्यांना न दिसणारे. ही बुरशी बारीक कडी करते, कृमी आत शिरला की आवळते आणि खाऊन टाकते. रोपं लावताना मातीत घालू. तोवर बरणी तुझ्याकडे सावलीत राहू दे."

तेव्हा कुठे माझा राग उतरला. माझ्या पोटात शिकारी वाढत होते म्हणजे!

त्याच आठवड्यात कोकणातून जानकीची जाऊ सुगंधा आली. पाहुणी असली तरी हातावर हात ठेवून बसणाऱ्यातली ती नव्हे. जानकी बाजारात गेली आणि सुगंधाने माझं फडकं सोडलं. आत पांढरा कापूस. जावेची अब्रू राखायची म्हणून तिने मला रिकामं केलं, उकळतं पाणी ओतलं, राखेने घासलं आणि बांधावर उन्हात पालथं घातलं. मी लखलखत होते, पण आतून पार खचले होते.

"बरणीक बुरो इल्लो, घासून ठेवलंय," जानकी परतताच सुगंधा ऐटीत म्हणाली. तिच्याकडे बुरशीला बुरो म्हणतात.

जानकीने मला उचलून आत बघितलं. "आणि आतली ज्वारी?"

"अन्न फुकट कशाक घालवूचा? शेणखताच्या ढिगार ओतलंय."

आठवड्याने उत्तराबाई आल्या, तेव्हा दोघी जावा मान खाली घालून उभ्या होत्या. सगळं ऐकून बाई ढिगापाशी गेल्या. काठीने वरचा थर उकरला आणि तिथेच उकिडव्या बसल्या. कुजक्या पाल्यात, शेणात पांढरे धागे माझ्या पोटातल्यापेक्षा दाट पसरले होते.

"इथे तर हिचं झकास चाललंय," त्या हसल्या. "नुसती मातीत टाकली असती तर कृमी सापडेपर्यंत उपाशीच मेली असती. सुगंधा, हेच खत रोपांच्या आळ्यांत घालायचं."

खत अर्ध्याच वाडीला पुरलं. ते मात्र बरंच झालं, कारण फरक कोणालाही दिसला. खत न मिळालेली झाडं खुरटली. खत मिळालेली कमरेएवढी झाली आणि जांभळ्या वांग्यांनी वाकली. मालक आला, त्याने दोन्हीकडची झाडं उपटून मुळं बघितली. एकीकडे गाठी, दुसरीकडे जवळजवळ स्वच्छ पांढरी मुळं. जाताना त्याने वांग्यांची पिशवी नेली आणि गोदामाचं नाव पुन्हा काढलं नाही.

त्यानंतर उत्तराबाईंनी मला जानकीलाच देऊन टाकलं. दरवर्षी ढिगातलं मूठभर पांढरं खत ती विरजणासारखं माझ्यात राखते आणि पुढच्या ढिगात मिसळते. सुगंधा आली की आधी माझ्याकडे येते, फडकं नीट बांधलंय ना ते बघते आणि जावेला दटावते, "हिका पाणी लावू नको हां."

मित्रांनो, स्वच्छता हवीच. मीही जन्मभर तिचाच तोरा मिरवला. पण कोणाच्या घरी झाकलेली बरणी दिसली आणि तुमचे हात शिवशिवले, तर उकळतं पाणी घेण्याआधी एवढं विचारा, की आत कोण राहतं?