जोडीदाराचा काटा

दादाशी अबोला धरून पाण्यात उतरू नये, हे मला कळत होतं. तरी उतरले. सकाळी त्यानं साहेबांना सांगितलं होतं, "तिला इतक्यात जबाबदारी देऊ नका, फार घाई करते." सख्ख्या भावानं चारचौघांत अशी लाज काढावी? माझं डोकंच फिरलं.

काम पाण्यानं भरलेल्या जुन्या खाणीत होतं. तीस मीटर खाली एक बोगदा आणि त्याच्या छताच्या भेगा मोजायच्या. साध्या सिलिंडरवर गेलं तर बुडबुडे छताला लागून गंज आणि गाळ झडतो, मग डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. म्हणून आमच्या पाठीवर रिब्रीदर. सोडलेला श्वास हे यंत्र साफ करून परत देतं, बुडबुडा नाही की आवाज नाही. अंगानं जेवढा ऑक्सिजन खाल्ला तेवढाच एका छोट्या सिलिंडरमधून आत भरला जातो. त्या सिलिंडरच्या मीटरचा काटा फार हळू उतरतो, पण उतरतो.

आम्हाला शिकवणाऱ्या वस्तादांचा नियम होता: दर पाच मिनिटांनी आपला नाही, जोडीदाराचा काटा वाचायचा आणि आकडा त्याला बोटांनी दाखवायचा. "स्वतःचा काटा सगळ्यांना भरलेलाच दिसतो," असं ते म्हणायचे.

पहिल्यांदा वाचला तेव्हा दादाचा काटा दीडशेवर होता. पाच मिनिटांनी पुन्हा दीडशे. मनात म्हटलं, कंजूष मेला, श्वास घेतानाही हात आखडता! बोटांनी दीडशे दाखवले आणि मोजपट्टी उचलली.

आणखी पाच मिनिटं गेली. दीडशे.

मी माझा मीटर पाहिला. तो चांगला पाच-सहा रेघा उतरला होता. 

एक तर दादाचा मीटर अडकला होता, नाहीतर त्याच्या श्वासात ऑक्सिजन पडतच नव्हता. मी त्याचं मनगट ओढून त्यावरचा, श्वासातला ऑक्सिजन दाखवणारा स्क्रीन पाहिला. तिथे सगळं आलबेल. पण स्क्रीन आतल्या सेन्सरवर विसंबतो, आणि सेन्सरवर श्वासाची वाफ साचली की ते जुनाच आकडा पढत बसतात. यंत्राला वाटतं, ऑक्सिजन आहे की भरपूर, कशाला भरू? आणि माणसाला काहीच वाटत नाही. गुदमरत नाही, खोकत नाही, डुलकी लागावी तसा जातो.

मी त्याच्या बाजूच्या आणीबाणीच्या सिलिंडरकडे बोट दाखवलं. त्यावर जा, आत्ता! त्यानं स्क्रीनवर बोट ठेवून "ठीक आहे" अशी खूण केली. तेवढ्यात त्याच्या हातून पेन्सिल सुटली आणि तो तिच्याकडे कौतुकानं बघत राहिला. दादाच्या हातून कधी काही पडत नाही. तोंडात नळी नसती तर मी बोंब मारली असती. एकच विचार डोक्यात घुमत होता, वहिनीला काय सांगू?

मी त्याच्या नळीची कळ बंद केली, ती तोंडातून उपसली आणि आणीबाणीची नळी आत कोंबली. त्यानं मला लाथ मारली, माझा चष्मा अर्धा पाण्यानं भरला, पण नळीवरचा हात मी काढला नाही. त्यानं एक श्वास घेतला. मग दुसरा. बुडबुडे भसाभसा छताला लागले आणि गंज कोसळला. समोरचा माझा हातसुद्धा दिसेना. एका हातात बाहेर जाणारी दोरी, दुसऱ्या हातात दादाचा पट्टा, आणि त्या अंधारात त्याचे बुडबुडे वाजताहेत ना, एवढंच मी ऐकत होते. ते जरा लांबले की माझाही श्वास थांबायचा. खोलवरून एकदम वर येऊ नये म्हणून थांबे घेत घेत वर आलो.

काठावर तो कितीतरी वेळ उताणा पडून होता. मग म्हणाला, "तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. "पाच मिनिटं आधी दिसलं होतं रे. रागात होते, सोडून दिलं."

वाटलं, आता तो मला रागानं बोलेल. बोलायलाच हवं होतं. पण त्यानं तोंड दुसरीकडे वळवलं.

"तुझा काटा कितीवर होता?" त्यानं विचारलं.

"तूच तर दाखवत होतास. एकशे साठ, एकशे पंचावन्न..."

"मी बघितलाच नाही गं. तिन्ही वेळा नुसती बोटं नाचवली. मलाही राग आला होता."

मी त्याच्या खांद्यात जोरात बुक्की मारली. मग तिथेच चिखलात बसून हमसाहमशी रडले. तो मला उठवायला आला नाही. नुसता सरकत जवळ आला आणि माझा मीटर हातात धरून काटा वाचला.