हात दिसायला हवेत

"जे बदलशील ते वहीत लिहून ठेव. आणि काम झालं की वही परत वाच. निम्मे लोक हे दुसरंच विसरतात."

आमच्या कचेरीतले कॉम्प्युटरवाले काका असं सांगत. आवक-जावक बघणाऱ्या मला त्यांनी कॉम्प्युटरचं काम शिकवलं, तेव्हा बाकीचे हसत होते. काका जाऊन सहा वर्षं झाली. रोजच्या जपाच्या शेवटी मी त्यांचं नाव घेते.

शेजारच्या शिंपीणबाईंच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज काढून मीच हौसेने लिनक्स घातलं होतं. त्यांची मुलगी जन्मापासून ऐकत नाही. मायलेकी हातांनी बोलतात. मुलगी दूर सासरी, दिवस भरत आलेले. बाईंना वाचता येत नाही आणि त्यांच्या साध्या फोनवर हात दिसत नाहीत. त्यात बाईंच्या पायाचं हाड मोडलेलं, म्हणजे लेकीकडे जाणंही बंद. उरला तो लॅपटॉपवरच्या व्हिडिओ कॉलचा पडदा. त्यावर लेकीचे हात अडखळत, उड्या मारत यायचे.

"ताई, काल ती पोटावर हात ठेवून काहीतरी म्हणाली. मधलंच गेलं," बाई म्हणाल्या. "दुखतंय म्हणाली की हलतंय? जीव टांगणीला लागलाय हो."

"नेट बदलून पाहिलं ना?"

"सगळं बदललं. आता मलाच बदला."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. तीन दिवस मी नेटलाच बोल लावत होते. घरी जाऊन वही आणली. माझंच अक्षर : 'इन्स्टॉल करताना पडदा काळा. सुरू होण्याच्या ओळीत नोमोडसेट घातलं. तात्पुरतं.'

पडद्यावर चित्र भराभर उमटवतो तो ग्राफिक्स ड्रायव्हर; त्या एका शब्दाने त्याला कामाला लागूच दिलं नव्हतं, म्हणून हात अडखळत होते. पडदा काळा पडू नये म्हणून जुन्या ग्राफिक्स कार्डाला हवी असलेली फाइल नंतरच्या अपडेटमध्ये आली होती. शब्द काढायचा तेवढा राहिला होता.

"चूक माझीच होती, बाई."

"सापडली ना? मग देवाचं नाव घ्या आणि हात चालवा. लेक बसली असेल तिकडे."

शब्द काढला. लॅपटॉप पुन्हा सुरू केला. पडदा काळा. मी नाम घेत राहिले. मग तो उजळला, आणि थोड्या वेळाने त्यात लेकीचे हात आले. सलग, पाण्यासारखे.

"हलतंय म्हणाली!" बाई ओरडल्याच. "लाथा मारतंय म्हणे, बापावर गेलंय!"

मी मनातल्या मनात काकांना नमस्कार केला.

मग लेकीने भुवया उंचावून काहीतरी विचारलं. बाईंचे हात थांबले.

"काय म्हणते?"

"चालतेस का, विचारते. आता पाय टेकायला डॉक्टरांनीच सांगितलंय. रोज दारापर्यंत जाऊन यायचं कबूल केलं होतं मी." बाईंचा आवाज खाली आला. "चित्र तुटत होतं तोवर माझी थाप खपत होती."

लेकीने तेच पुन्हा विचारलं. बाईंनी छातीवर हात ठेवला, मग सावकाश उत्तर दिलं.

"आजपासून, म्हटलं."

कॉल संपला. मी उठून हात पुढे केला.

"राहू द्या. तुम्ही बसा."

बाईंनी भिंतीला टेकवलेली काठी घेतली, ओठ घट्ट मिटले आणि दाराच्या दिशेने पहिलं पाऊल टाकलं.