कुंपणाआडचा नर

प्रागच्या वायव्येला, आमच्या झातेत्सच्या मुलखात हॉपची वेल ही बाईमाणूस असते. मळ्यात लावतात ती मादी, बोंडं देते ती मादी, बिअरला कडूपणा येतो तोही तिच्याच बोंडांतून. नर वेलीला इथे एकच काम असतं, ते म्हणजे नसणं. नराचा पराग वाऱ्यावर कोसभर जातो, बोंडांत बिया धरतात आणि असा माल भट्टीवाले नाकाला रुमाल लावून परत पाठवतात. म्हणून प्रत्येक गावात एक माणूस नेमलेला असतो. जुलैत तो सायकलवर कुदळ बांधून ओढ्याकाठी, कुंपणाकुंपणातून हिंडतो आणि रानटी नर मुळासकट खणून जाळतो. आमच्या गावात हे काम बोहुमिर व्होत्रुबाकडे बावीस वर्षं होतं. एवढ्या वर्षांत त्याने कोणाचीही गय केली नव्हती. पाद्रीबुवांच्या कबरस्तानाच्या भिंतीवरचा नरसुद्धा त्याने प्रार्थना चालू असतानाच खणला होता.

त्यामुळे स्वतःच्या परसातल्या वेलीला फुलं आल्यावर त्याने ओळखलं नाही, असं म्हणायला जागा नाही. त्याला ओळखायचं नव्हतं, एवढंच.

वेल त्याच्या मुलाने, व्हीतने, आणली होती. सैन्यात जायच्या आदल्या आठवड्यात नदीकाठून उपटून त्याने ती परसातल्या कुंपणाशी लावली. बोहुमिर म्हणाला, की रानातलं रोप म्हणजे निम्मी भानगड. व्हीत हसून म्हणाला, "पोरगीच निघेल बाबा, बघ तू." फेब्रुवारीत सरावाच्या मैदानावर रणगाडा उलटला, व्हीत आत होता. लष्कराकडून चार ओळींचं पत्र आलं. त्यातल्या दोन ओळी तर सलाम आणि शिक्क्यातच गेल्या होत्या.

अनेश्काने, बोहुमिरच्या बायकोने, पत्र घडी करून पावाच्या डब्यात ठेवलं आणि अंथरूण धरलं. ती आजारी नव्हती. डॉक्टरने तपासून तसं लिहूनही दिलं. ती फक्त उठत नव्हती.

तो उन्हाळा वेलीने मुळं धरण्यात घालवला, अनेश्काने भिंतीकडे बघण्यात. पुढच्या मे महिन्यात वेलीने जमिनीतून दहाबारा कोंब काढले. बोहुमिरने जुना तारेचा खांब रोवला, सात मीटर उंचीवरून तार सोडली आणि कोंब सूर्याच्या दिशेने वळवत तारेला गुंडाळायला बसला. मागे पावलं वाजली. अनेश्का नवऱ्याचा कोट घालून उभी होती.

"चार कशाला लावलेस?" ती म्हणाली. "तीन पुरतात. बावीस वर्षं काय शिकलास?" तिने चौथा कोंब तोडला, तारेवर न चढवलेले बाकीचे खुडून फडक्यात घेतले आणि संध्याकाळी लोण्यात परतून वाढले. चौदा महिन्यांनी त्या घरात चूल पेटली होती. त्यानंतर ती रोज सकाळी परसात यायची. वेल रात्रीतून किती चढली ते खांबावर खडूने मांडायची. कधीकधी पावही भाजायची.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात वेलीला फुलं आली. पिवळसर, पाच पाकळ्यांची, घोसाघोसाने लोंबणारी. बोंडाचं नावनिशाण नाही, म्हणजे नरच. बोहुमिर बराच वेळ खाली उभा राहून बघत होता. मग तो घरात गेला आणि बायकोला म्हणाला, की यंदा त्याच तारेवर घेवडा चढवू या.

अनेश्का हॉपच्याच गावातली, वेल झाकायची आहे हे तिला कळलं. तिने घेवडा लावू दिला.

बोहुमिर रोज पहाटे शिडी लावून उमलायच्या आधीचे घोस खुडायचा आणि पाण्याच्या बादलीत बुडवायचा. हॉपच्या खरखरीत पानांनी त्याच्या हातांवर वळ उठले. कोणी विचारलं तर मांजर म्हणायचा. असं पंधरा दिवस नीट चाललं. मग जिल्ह्याहून आदेश आला. नर हॉपच्या समूळ उच्चाटनाबद्दल पाच दिवसांचं शिबिर, हजेरी सक्तीची. बोहुमिर पाच दिवस भाषणं ऐकत बसला. बाहेर कोरडा, मोकळा, फार छान वारा सुटला होता. शेवटच्या दिवशी त्याला प्रमाणपत्र मिळालं.

सप्टेंबरात खरेदी केंद्रावर गावचा माल फोडला, तर प्रत्येक बोंडात बिया. माल दोन दर्जे खाली गेला. सहकारी संस्थेचा अध्यक्ष, कॉम्रेड श्टेपानेक, मोटारीतून उतरला तोच विचारत, की नर कुठे आहे. आठवड्याच्या आत सापडला पाहिजे. संस्थेत नर सापडला नाही, तर दोषी म्हणून माणूस सापडतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

बोहुमिर कुंपणं धुंडाळत फिरला. तिथे नसलेली वस्तू इतक्या कसोशीने शोधताना त्याला गावाने पहिल्यांदाच पाहिलं. पाचव्या दिवशी तो रुडोल्फ तोमेशच्या दारात उभा राहिला.

तोमेश शेजारी, रेल्वेतून निवृत्त झालेला सिग्नलवाला. त्याच्या बाकावर हॉपचा मांडव होता. मळ्यातलीच छाटणीची मुळी, अस्सल मादी. पण वेल पन्हळीत शिरली म्हणून जूनमध्ये तोमेशने ती कंबरेपासून कापली होती. नंतर आली ती नुसती पानं, बोंडं नाहीत. बोंडं नसलेल्या वेलीबद्दल गावात एकाच माणसाचा शब्द चालायचा. बोहुमिरने वही काढली आणि 'नर' असं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.

तोमेशने वहीकडे पाहिलं, मग बोहुमिरच्या हातांकडे. म्हणाला, "खण बाबा."

मुळं चौकात सगळ्यांसमोर जाळली. तोमेशचं नाव संस्थेच्या फलकावर लागलं, 'बेफिकीर घटक' म्हणून. इथवर ठीक होतं. तोमेशला फलकाचं काही नव्हतं, नावांच्या पाट्या मागे टाकणाऱ्या गाड्या त्याने चाळीस वर्षं सोडल्या होत्या. पण त्याची मुलगी हेडव्हिका ऑक्टोबरात प्रागच्या शेतकी महाविद्यालयात जाणार होती. ट्रंक भरून झाली होती. महाविद्यालयाकडून पत्र आलं, की कुटुंबाचा सामूहिक शेतीकडे पाहण्याचा दृष्टिकोन लक्षात घेता जागा दुसऱ्या उमेदवाराला देण्यात येत आहे.

ही बातमी अनेश्काला दुधाच्या रांगेत कळली. बोहुमिर दुपारी घरी आला तेव्हा खांब आडवा पडला होता आणि ती गुडघाभर खड्ड्यात उभी होती. घेवडा, वेल, तार, सगळं एका ढिगात. मुळी माणसाच्या दंडाएवढी होती. तिने ती कुऱ्हाडीने तीन ठिकाणी तोडली होती.

"अध्यक्षाकडे तू जातोस," ती म्हणाली, "की मी जाऊ?"

तो म्हणाला, की हे सगळं तिच्यासाठीच केलं.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "म्हणून तर मला खणावं लागलं."

बोहुमिर मुळीचा एक तुकडा पोत्यात घालून श्टेपानेककडे गेला. सगळं सांगितलं. श्टेपानेकने पोत्यात डोकावून पाहिलं नाही.

"एक नर होता," तो शांतपणे म्हणाला. "सापडला, जाळला, अहवाल जिल्ह्याला गेला. जिल्ह्याने शाबासकी दिली. आता तू दुसरा घेऊन आलास. दुसरा होता कुठे, तर खुद्द निरीक्षकाच्या, तुझ्या परसात. मग मी जिल्ह्याला काय कळवू, कॉम्रेड? की शिबिराचा उपयोग झाला नाही?"

बोहुमिर म्हणाला, की हेडव्हिकाची जागा तरी परत मिळावी.

"ती भरली. माझ्या अखत्यारीत नाही." श्टेपानेकने टोपी घातली. "पोतं बाहेर घेऊन जा. आणि यापुढे घेवडाच लाव."

परतताना तो तोमेशकडे गेला. तोमेश उघड्या बाकावर उन्हात बसला होता. मांडव गेल्यापासून दुपारी तिथे एरवी कोणी बसत नसे. बोहुमिरने उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. तोमेशने हात वर करून थांबवलं.

"शिडी दिसायची मला," तो म्हणाला. "रोज पहाटे. आमची खिडकी तिकडेच आहे."

"मग बोलला का नाहीस?"

"अनेश्का पुन्हा पाव भाजायला लागली होती. वास यायचा." तोमेशने पायाजवळची माती बुटाने सारखी केली. "मला वाटलं, कोणाचंही नाव लिहिशील, माझं लिहिणार नाहीस."

आतून ट्रंक सरकवल्याचा आवाज आला. हेडव्हिका कपडे परत कपाटात लावत होती.

"ती विचारते, बाबा, तू काय केलंस म्हणून," तोमेश म्हणाला. "मी अजून काही सांगितलं नाही. आत जा आणि तूच सांग."

बोहुमिरने पोतं बाकावर टेकवलं, ते तिथे नको म्हणून पुन्हा उचललं आणि दाराकडे बघत उभा राहिला. दार उघडंच होतं. तो आत गेला नाही.