हम्बकरचं शेपूट

वच्छला, रजनी, थांबा न! डबे मंग उघडा, आधी ऐका. काल मोहगावच्या जयंतीत देवीदासदादाची गिटार कशी वाजली, ते सगळ्यायनं ऐकलं. पण दुपारी माह्या जिवाचं काय झालतं, ते तुमाले माईत नाई!

त्या गिटारीत तारांखाली पिकअप रायते न, त्यात दोन कॉइली असतात, जुळ्या बहिणींसारख्या. हम्बकर म्हणतात त्याले. दोघी मिळून आवाज मोठा करतात अन् लाइटीची भुणभुण एकमेकींची खाऊन टाकतात. त्यातली एक तुटली. दादा घेऊन आला आमच्या मोटर बांधाच्या दुकानात. बाबा म्हणे, "केसाहून बारीक तार हाय हे, माह्या बोटात नाई येत."

मी म्हटलं, "मी भरते."

"भर. वाजली तं उद्यापासून बाकावर तू बसजो. नाई वाजली, तं कागद हायेतच तुह्ये."

मोटरच्या खाचांत घालतात ते कागद ओ! दोन वर्षं झाली, मी खाली बसून तेच कापून राहिली.

तीन दिवसांत पाच हजार फेरे भरले. काल दुपारी कॉइल लावली, दादानं स्पीकर लावून तार छेडली, अन् आवाज कसा? डालड्याच्या रिकाम्या डब्यासारखा! वरून भुणभुण इतकी की शेजारची देवकाबाई दारातून म्हणे, "काय वो तुळशीराम, आट्याची चक्की टाकली काय?"

दादाचं तोंड उतरलं. "सुमन, पाच वाजता मोहगावचा टेम्पो सुटते. जयंतीवाले नत्थूजी म्हणाले, गिटार नसली तं लोधीखेड्याची पार्टी बसवतो स्टेजवर."

 बाबानं पायानं कागदाचा गठ्ठा माह्याकडे सरकवला.

अन् तेवढ्यात लाईन गेली!

दादा मटकन बसला. "संपलं. आता ऐकू बी येणार नाई."

पण काट्याच्या मीटरले कुठी लाईन लागते बाप्पा? मी मीटर गिटारीच्या वायरले लावलं, अन् स्क्रू पिळाचा पेचकस एका कॉइलीवर टेकवून झटकन उचलला. काटा उजवीकडे उडाला. दुसरीवर टेकवला, उचलला. काटा डावीकडे!

"बाबा! ह्या दोघी भांडून राहिल्या!"

"म्हंजे?"

"एक इकडे ओढते, एक तिकडे!"

चूक माहीच होती न. मोटरमध्ये एका कॉइलीचं शेपूट, म्हंजे तारेचं शेवटचं टोक, दुसरीच्या तोंडाले जोडाचं, हे लहानपणापासून पायलेलं. हात आपोआप तसाच गेला. पण इथी दोघींखाली चुंबक उलटसुलट. इथी शेपटाले शेपूट पायजे!

स्टोव्हवर डाग द्याचा कावीया तापवला. तार अशी बारीक, की श्वास सोडला तं हलते. तुटली तं पाच हजार फेरे मातीत. दादा म्हणे, "हळू, हळू." मी म्हटलं, "तू बोलू नोको, तुह्यी हवा लागते!" जोड सोडवला, तोंडं फिरवली, शेपटाले शेपूट डागलं. पेचकस टेकवला. काटा उजवीकडे. दुसरीवर टेकवला. उजवीकडे! मी वराडलीच!

"मीटरले नाचवलंस," बाबा म्हणे. "मले गिटार ऐकू दे."

साडेचार झाले. पावणेपाच झाले. टेम्पोवाला भोंगा वाजवून राहिला. अन् लाईन आली! दादानं जाडी तार छेडली, तं काय सांगू, टेबलावरचे नट थरथरले! अन् भुणभुण? नाईच! देवकाबाई आत आली, म्हणे, "चक्की बंद पडली काय वो?"

दादा पळाला गिटार घेऊन, कॉइलीचे पैसेबी विसरला अन् चप्पलबी.

मी बाबाकडे पायलं. बाबा बाकावरून उठला, खाली बसला, कैची घेतली, अन् कागद कापू लागला. वर न पायता म्हणे,

"बोरगावच्या भिवाजीची मोटर पडली हाय बाकावर. बस."