गजाआडचा शैलेंद्र

१९८४ च्या जूनमध्ये माझ्या नवऱ्याने, शैलेंद्रने, अमेरिकेतल्या आमच्या शुगर लँड गावाहून चार तास ड्राइव्ह करून मला एका खेड्यातला तुरुंग दाखवायला नेलं.

"इथे पहिल्यांदा वस्तीला आलेल्या लोकांनी स्वतःच्या हातांनी बांधलाय, पद्मिनी!" तो भारावून म्हणाला. बाकीचे तुरुंग जणू पायांनी बांधतात.

तुरुंग म्हणजे ओंडक्यांची एक खोली आणि गजांचं दार. राखण करायला डोराबाई नावाच्या हसऱ्या म्हाताऱ्या बाई होत्या. शैलेंद्र ऐटीत आत गेला, दार ओढून घेतलं आणि म्हणाला, "काढ फोटो!"

मी फोटो काढला. दार मात्र उघडेना.

"किल्ली हरवून वीस वर्षं झाली," डोराबाईंनी आनंदाने सांगितलं. "दार लावू नका, अशी पाटी आहे की."

पाटी दाराच्या मागे होती.

कुलूपवाला मासे धरायला गेलेला. तो येईपर्यंत सगळं गाव कैदी बघायला जमलं. एकीने गजांतून पाय दिला, म्हणजे सफरचंदाचा, खायचा. घरी भाजीच्या मिठावरून कुरकुरणाऱ्या शैलेंद्रने निमूटपणे दोन तुकडे खाल्ले आणि मग आतूनच लोकांना ओंडक्यांचे सांधे समजावून सांगू लागला. त्यांच्याच आजोबांनी जोडलेले.

दोन तासांनी कुलूपवाल्याने बिजागरीचे चार स्क्रू काढले. दार निघालं. टाळ्या पडल्या. घामाने निथळत शैलेंद्र बाहेर आला.

"जवळच जुनी गिरणी आहे. जायचं?"

"जाऊ या ना," मी म्हटलं. "तू आत जा. मी गाडीत थांबते."